कर्तृत्वाची नोंदवही: मुंबई विद्यापीठ ते शांती नगर

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस सेक्टरांत विभागलेली शांती नगर ही वसाहत १९८० च्या दशकात आकाराला येऊ लागली, तेव्हा सभोवतालचा मुलूख मिठागरांचा, भातशेतीचा आणि खाडीकाठच्या गावांचा होता. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि मुंबईत घर न परवडणाऱ्या मध्यमवर्गाच्या पाठोपाठ शाळा व महाविद्यालयेही आली. ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी ‘संलग्न’ आहेत. म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची, तर इमारत, नेमणूक आणि बहुतेक ठिकाणी पगारही संस्थेचा. अशा महाविद्यालयातील शिक्षकाने शोधनिबंध छापला किंवा ग्रंथ लिहिला, तर ते कर्तृत्व कोणाच्या खाती जमा करायचे, हा प्रश्न उपनगरातला वाटला तरी तो विद्यापीठाइतकाच जुना आहे.

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचे होते, आणि त्याचे काम परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच असल्यामुळे त्याला स्वतःचा शिक्षकवर्ग नव्हता. एकोणिसाव्या शतकातील प्राध्यापकांची कीर्ती म्हणूनच त्यांच्या महाविद्यालयांच्या नावाशी जोडलेली दिसते. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर एल्फिन्स्टन आणि डेक्कन महाविद्यालयांत शिकवत, सरकारसाठी संस्कृत हस्तलिखितांचा शोध घेऊन त्याचे अहवाल लिहीत, आणि १८८६ मध्ये व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस ते उपस्थित राहिले. विद्यापीठाशी त्यांचे नाते परीक्षक, सिनेटचे सभासद आणि पुढे कुलगुरू असे होते. विद्यापीठाचा पगारी अध्यापक असे ते कधीच नव्हते.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने प्राध्यापक नेमण्याची आणि संशोधन चालवण्याची मुभा दिली. कलकत्त्याने तिचा लाभ झपाट्याने घेतला, मुंबईने मात्र सावकाश घेतला. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९२४ मध्ये तो गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला. मालवणचे घुर्ये केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन परतले होते. १९३२ मध्ये त्यांचा जातिसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समाजशास्त्र परिषदेमागे त्यांचाच पुढाकार होता. तरीही त्यांचे खरे कर्तृत्व ग्रंथसूचीत शोधण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या यादीत शोधावे. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास आणि अ. र. देसाई हे तिघेही त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि तिघांनीही गुरूपेक्षा वेगळी वाट धरली. देसाई तर मार्क्सवादी भूमिकेवरून राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी मांडू लागले. मतभेद करणारे विद्यार्थी घडवणे याला आजच्या कोणत्याही प्रपत्रात रकाना नाही.

अर्थशास्त्र विभागात सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अवजड उद्योगांवरील भराला पर्याय म्हणून ‘मजुरी-वस्तूं’चा, म्हणजे कामगार कुटुंबाला लागणारे धान्य, कापड यांसारख्या वस्तूंचे उत्पादन आधी वाढवण्याचा विचार मांडला. १९३३ मध्ये सुरू झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाने उद्योगांशी जवळीक राखली, आणि त्याच विभागाचे मनमोहन शर्मा १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे सभासद झाले. हा विभाग आता स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, त्यामुळे त्याचे जुने यश कोणाच्या वारशात मोजायचे हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

अध्यापकांपलीकडच्या कर्मचाऱ्यांची नोंद त्या मानाने फार अपुरी आहे. ‘शिक्षकेतर’ या एकाच शब्दाखाली कुलसचिवापासून ग्रंथालयातील मदतनिसापर्यंत सारे येतात, आणि परीक्षेचे वेळापत्रक, गुणपत्रिका, हस्तलिखितांचे जतन ही त्यांची कामे बिनबोभाट पार पडली की विसरली जातात. या नियमाला सुंदरराव रामराव डोंगरकेरी यांचा ठळक अपवाद आहे. मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले, शताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९५७ मध्ये, विद्यापीठाचा शंभर वर्षांचा इंग्रजी इतिहास लिहिला, आणि १९५८ मध्ये औरंगाबाद येथे स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाच्या शंभर वर्षांची कथा प्राध्यापकाने नव्हे, तर कचेरी चालवणाऱ्या माणसाने सांगितली, याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

कर्तृत्वाला आकड्यांत बांधण्याचा टप्पा बराच अलीकडचा आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅक’ या मूल्यांकन संस्थेमुळे महाविद्यालयांना शिक्षकांचे शोधनिबंध, पुरस्कार आणि परिषदांतील सहभाग यांची वार्षिक नोंद ठेवणे भाग पडले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी ‘एपीआय’ ही गुणांकन पद्धत आणली, ज्यावर ‘कॅस’, म्हणजे सेवेतील श्रेणीवाढीची योजना, अवलंबून राहिली. त्या तक्त्यात समीक्षित नियतकालिकातील शोधनिबंधाला १५ गुण होते आणि राष्ट्रीय पातळीवरील प्रकाशकाने काढलेल्या एकट्या लेखकाच्या विषयग्रंथाला २५. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास या मापाने तोलून पाहावा. विद्यापीठाचे कुलगुरूपदही भूषवलेल्या या वकील-पंडितांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९३० मध्ये आणि शेवटचा १९६२ मध्ये निघाला. पाच खंडांना प्रत्येकी २५ याप्रमाणे १२५ गुण होतात, तर नऊ शोधनिबंधांना १३५. काण्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले, पण तक्त्यापुढे नऊ निबंधांचा धनी त्यांच्यापेक्षा दहा गुणांनी पुढे राहिला असता.

या पद्धतीचा खरा भार विद्यापीठाच्या कलिना येथील विद्यानगरी संकुलातल्या विभागांपेक्षा संलग्न महाविद्यालयांवर पडला. कलिना येथे ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि पीएचडीचे विद्यार्थी हाताशी असतात. उपनगरातल्या विनाअनुदानित महाविद्यालयात मात्र तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवणारे अनेक असतात, आणि कायम शिक्षकालाही तासांशिवाय प्रवेश, परीक्षा व उत्तरपत्रिका तपासणीची कामे असतात. मोजपट्टी दोघांना जवळजवळ सारखीच लावली गेल्यावर पैसे भरून निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक येणे अटळ होते. २०१८ मध्ये आयोगाने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके वगळली आणि नंतर ‘केअर’ या नावाने नवी, अधिक काटेकोर यादी आणली. त्या गर्दीत सापडलेल्या शिक्षकांना केवळ लबाड ठरवणे सोपे आहे, परंतु संशोधनाला वेळ व साधने न देता संशोधनाचा पुरावा मागणारी व्यवस्था त्यात समान वाटेकरी होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ यादीही बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. मीरा-भाईंदरच्या महाविद्यालयांतही आता हा निवाडा दिल्लीतील यादी पाहून करता येणार नाही. सहकाऱ्याचा निबंध कोणाला तरी प्रत्यक्ष वाचावा लागेल.