ऊर्जाबचत, कंपन्यांची : वसई-विरार व उत्तर कोकण

उत्पादन, वाहतूक वा सेवा यांचे परिमाण कमी न करता त्यांसाठी लागणारे इंधन व वीज कमी करण्याच्या प्रयत्नांस औद्योगिक ऊर्जाबचत म्हणतात. या बचतीचा हिशेब कार्बन डाय-ऑक्साइडाच्या टनांत मांडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. तत्पूर्वी तो कोळशाच्या टनांत किंवा रुपयांत मांडला जाई. कंपन्यांचे हेतू व त्यांची मापे कशी बदलत गेली, हे पाहण्यास दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणा नदी यांमधील वसई-विरारचा प्रदेश सोयीचा आहे. तेथील एकाच लोहमार्गावर कोळसा, जलविद्युत् व औष्णिक वीज यांचा वापर क्रमाने झाला. हा प्रदेश ज्या पालघर जिल्ह्यात (स्थापना १ ऑगस्ट २०१४) मोडतो, त्यातच तारापूरचे अणुविद्युत् केंद्र व डहाणूचे औष्णिक केंद्र आहे. लोहमार्गाच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान कारखान्यांची दाट वस्ती आहे.

मुंबईपासून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीने १८६४ मध्ये पुरा केला आणि १८६७ मध्ये विरार ते बॅकबे अशी स्थानिक गाडी सुरू झाली. वसईचा भाजीपाला, फुले, विड्याची पाने व सुकेळी यांना त्यामुळे रोजचा बाजार मिळाला. गाड्या ओढणारी वाफेची एंजिने मात्र फार उधळी होती. कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्साही त्यांच्याकडून प्रत्यक्ष ओढीसाठी वापरला जात नसे. उरलेली उष्णता धूर व वाफ यांबरोबर वाया जाई. त्यात मुंबई कोळशाच्या खाणींपासून दूर. बंगाल-बिहारचा कोळसा देशाच्या दुसऱ्या टोकाहून आणावा लागे किंवा समुद्रमार्गे परदेशातून मागवावा लागे. गिरण्यांचीही हीच अडचण होती. गिरण्यांच्या धुराचा त्रास इतका वाढला की, १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात धूरप्रतिबंधक कायदा करावा लागला.

या अडचणीतून सह्याद्रीच्या पावसाचे पाणी साठवून वीज निर्माण करण्याची योजना पुढे आली. जमशेटजी टाटा यांच्या निधनानंतर (१९०४) त्यांच्या वारसांनी ती तडीस नेली. टाटा जलविद्युत् पुरवठा कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली व १९१५ मध्ये खोपोलीच्या केंद्रातून गिरण्यांना वीज मिळू लागली. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी घाटाखाली सुमारे ५२५ मी. उंचीवरून सोडले जात असल्याने थोड्या पाण्यात पुष्कळ वीज निघे. पुढे भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे उभी राहिली. या कंपन्यांनी वातावरणातील कार्बनाचा विचार केला होता, असे मानणे कालविपर्यास होईल. स्वस्त, खात्रीची व धूररहित वीज विकणे हाच त्यांचा उद्देश होता. तथापि या विजेने गिरण्यांतील जेवढी वाफयंत्रे बंद पडली तेवढा कोळसा जळायचा टळला, आणि आजच्या परिभाषेत ती उत्सर्जनातील मोठीच घट ठरते. धरणांखाली गेलेल्या मावळातील जमिनी हा तिचा दुसऱ्यांनी भरलेला खर्च होता. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून केलेला सत्याग्रह याच जमिनींसाठी होता.

रेल्वे कंपनीने कुलाबा-बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण ५ जानेवारी १९२८ रोजी पुरे केले आणि १९३६ मध्ये ते विरारपर्यंत नेले. त्यासाठी १,५०० व्होल्ट दाबाचा एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह वापरण्यात आला. थांबे जवळजवळ असणाऱ्या मार्गावर वाफेची गाडी वेग घेईतो पुढचे स्थानक येई. विजेची गाडी चटकन वेग घेत असल्याने त्याच रुळांवरून अधिक गाड्या सोडता येऊ लागल्या. कंपनीला हवे होते ते हेच. कोळशाची बचत हा अनुषंगिक लाभ होता. १९४२ मध्ये ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली व १९५१ मध्ये ती पश्चिम रेल्वेत समाविष्ट झाली. याच सुमारास विजेचे मूळही बदलू लागले. वाढत्या मागणीला जलविद्युत् अपुरी पडल्याने १९५६ मध्ये तुर्भे (ट्रॉम्बे) येथे टाटांचे औष्णिक केंद्र चालू झाले. तेव्हापासून गाडी विजेची म्हणून ती धूररहित, हे म्हणणे अर्धेच खरे राहिले. धूर मार्गावरून हटून केंद्राच्या धुराड्याकडे गेला, इतकेच.

१९७० नंतर विरारच्या उत्तरेचा मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहावर विद्युतीकृत झाला आणि विरार हे दोन विद्युत् पद्धतींच्या सीमेवरचे स्थानक बनले. दोन्ही प्रवाहांवर चालणारी एंजिने १९७५ पासून या मार्गावर आली. कमी दाबाच्या पद्धतीत तारांतून मोठा प्रवाह न्यावा लागतो, त्यामुळे तारांतील नाश अधिक होतो व उपकेंद्रेही जवळजवळ लागतात. शिवाय जुन्या स्थानिक गाड्यांत वेगाचे नियंत्रण रोधकांच्या साहाय्याने होत असे. प्रत्येक स्थानकातून निघताना काही वीज या रोधकांत नुसती तापून जाई, आणि पुढच्या स्थानकात थांबताना गाडीच्या गतीतील सगळी ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात खर्च होई.

हा दुहेरी नाश थांबविण्याचे काम मुंबई रेल्वे विकास महामंडळ या कंपनीकडे आले. रेल्वे मंत्रालय (५१ टक्के) व महाराष्ट्र शासन (४९ टक्के) यांच्या भागीदारीत ती १९९९ मध्ये स्थापन झाली. जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने तिने घेतलेल्या नव्या गाड्या नोव्हेंबर २००७ पासून पश्चिम रेल्वेवर धावू लागल्या. या गाड्यांत त्रिकला प्रवाहाच्या मोटरी असून थांबताना त्याच मोटरी जनित्राचे काम करतात व निर्माण झालेली वीज वरच्या तारेत परत जाते. ती वीज त्याच वेळी वेग घेणाऱ्या जवळच्या गाडीला वापरता येते. चर्चगेट-विरारसारख्या गजबजलेल्या मार्गावर अशी गाडी जवळ असतेच, म्हणून ही पद्धत येथे विशेष फलदायी ठरते. वापरलेल्या विजेपैकी सुमारे एकतृतीयांशापर्यंत वीज परत मिळू शकते. २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेचा संपूर्ण उपनगरी मार्ग २५,००० व्होल्टवर आला व विरारची सीमा नाहीशी झाली. दिल्ली मेट्रोने याच तत्त्वावरील बचतीची क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली २००७ मध्ये नोंद करून घेतली. रेल्वेच्या ब्रेकमधून कार्बनाचे विक्रीयोग्य श्रेयांक निर्माण होण्याचे जगातील ते पहिले उदाहरण मानले जाते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. विरारच्या गाडीला दर प्रवाशामागे लागणारी ऊर्जा जगातील कोणत्याही उपनगरी सेवेच्या तुलनेत अल्प दिसेल. परंतु याचे श्रेय सर्वस्वी मोटरींना देता येत नाही. दाराशी लोंबकळणारा प्रवासीही या भागाकाराच्या छेदात धरलेला असतो. १५ डब्यांच्या गाड्यांनी (२००९) ही दाटी थोडी कमी केली. २०१७ च्या अखेरीस आलेल्या वातानुकूलित गाड्यांना थंडाव्यासाठी अधिक वीज लागते. तरीही दारे बंद होऊन प्रवासी सुरक्षित राहत असतील, तर हा वाढीव खर्च उधळपट्टी म्हणता येत नाही.

देशातील ऊर्जाबचतीच्या धोरणास चालना दिली ती १९७३ व १९७९ च्या तेलसंकटांनी. १९७८ मध्ये पेट्रोलियम संधारण संशोधन संस्था स्थापन झाली आणि महाराष्ट्र शासनाने १९८५ मध्ये महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) काढले. ऊर्जा संधारण अधिनियम, २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता केंद्रीय संस्था अस्तित्वात आली व मोठ्या ऊर्जाग्राहकांवर ऊर्जा लेखापरीक्षणाचे बंधन आले. पुढे २०१२ ते २०१५ या पहिल्या आवर्तनात आठ उद्योगांतील ४७८ कारखान्यांना लक्ष्ये ठरवून देण्यात आली. लक्ष्यापेक्षा अधिक बचत करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळत व ती कमी पडणाऱ्यास विकता येत. सुमारे ६·६९ दशलक्ष टन तेलतुल्य लक्ष्याऐवजी ८·६७ दशलक्ष टनांची बचत नोंदली गेली. दुसऱ्या आवर्तनात रेल्वेही आली. ही लक्ष्ये मालाच्या दर एककास लागणाऱ्या ऊर्जेची होती. त्यामुळे उत्पादन वाढल्यास एकूण इंधन वाढूनही कारखाना बचत करणारा ठरू शकतो. नोंदलेली बचत खरी असली, तरी तिचा अर्थ वातावरणात जाणारा कार्बन घटला असा होत नाही. काही कंपन्यांनी स्वतःहून पुढचे पाऊल टाकले. महिंद्र अँड महिंद्र या मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये स्वतःच्या उत्सर्जनावर टनामागे १० डॉलर असे अंतर्गत मूल्य बसवून ती रक्कम बचतीच्या कामांकडे वळविली.

कार्बन व प्रदूषण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे डहाणूच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविणाऱ्या बी. एस. ई. एस. या कंपनीने तेथे प्रत्येकी २५० मेगावॉट क्षमतेच्या दोन संचांचे कोळशावरील केंद्र उभारले व १९९५ च्या सुमारास ते चालू झाले. चिकूच्या बागा, मासेमारी व आदिवासींची शेती असलेला डहाणू तालुका केंद्र शासनाने १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर न्यायमूर्ती चं. शं. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. त्याने गंधक शोषून घेणारी यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. तिच्या खर्चावरून बरीच वर्षे वाद चालला व अखेर २००७ मध्ये ती कार्यान्वित झाली. त्या काळी भारतातील फारच थोड्या केंद्रांत अशी यंत्रणा होती. बागायतदारांच्या दृष्टीने हे यश मोठे होते. पण ही यंत्रणा सल्फर डाय-ऑक्साइड काढते, कार्बन डाय-ऑक्साइड नव्हे. उलट ती चालविण्यास केंद्राचीच काही वीज लागते. अशा केंद्राने कोळशाचा वापर काटकसरीने केला, तरी एक युनिट विजेमागे सुमारे एक किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातोच. जलविद्युत्, अणुविद्युत् इ. धरून देशाच्या सर्व विजेची सरासरी सुमारे ०·७ ते ०·८ किलोग्रॅम येते. तेव्हा उपनगरातील कार्यालयाने दिवे बदलून वाचविलेल्या विजेचा खरा हिशेब डहाणूत लागतो.

वसईच्या पूर्वेकडील लहान कारखाने या सर्व कायद्यांच्या जवळजवळ बाहेर राहिले. पोलादाचे सुटे भाग, साचे, प्लॅस्टिकच्या वस्तू, विजेची उपकरणे असा विविध माल तेथे तयार होतो. एकेका कारखान्याचा वीजवापर लेखापरीक्षणाच्या मर्यादेखाली येतो, पण सर्वांचा मिळून तो लहान नसतो. जळालेली मोटर फेकून न देता पुन्हा गुंडाळून (वायंडिंग करून) घेण्याची तेथील रीत काटकसरीची वाटते. तथापि अशा प्रत्येक खेपेस, काम हलके झाल्यास, मोटरची कार्यक्षमता एकदोन टक्क्यांनी उतरते आणि वर्षभराच्या विजेत ही काटकसर महाग पडते. काँप्रेसरच्या नळ्यांतील गळतीतून दाबलेल्या हवेचा चौथा हिस्सा निसटणे, हेही नेहमी आढळते. दुपारच्या सुटीत यंत्रे बंद असताना ही गळती कानांनी ऐकू येते व तिच्या दुरुस्तीला साबणाचे पाणी व पाना यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

या कारखानदारांना शिस्त लावली ती वीजबिलाने. शक्तिगुणक खालावल्यास दंड व सुधारल्यास सवलत या तरतुदीमुळे कपॅसिटर बसविण्याची पद्धत सर्वत्र पडली. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी थेट केव्हीए-तासांवर होऊ लागली. कपॅसिटरने मुख्यतः वाहिन्यांतील नाश वाचतो; यंत्राची स्वतःची भूक त्याने कमी होत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भारनियमनाच्या काळात, विशेषतः २००५ नंतरच्या काही वर्षांत, अनेकांनी डीझेल जनित्रे घेतली व तेव्हा बचतीपेक्षा वीज मिळणे हाच प्रश्न होता.

अलीकडे दडपण बाजाराकडून येत आहे. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबीने) २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना ऊर्जा व उत्सर्जन यांचा वार्षिक अहवाल बंधनकारक केला. केंद्र शासनाने २०२३ मध्ये कार्बन श्रेयांक व्यापार योजना अधिसूचित केली. यूरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात पोलादाच्या उत्सर्जनाची माहिती मागविण्यास सुरुवात केली व १ जानेवारी २०२६ पासून त्यावर आकारणी लागू केली. स्क्रू, बोल्ट, नट यांसारख्या वस्तूही तीत येतात. त्यामुळे असा माल यूरोपात पाठविणाऱ्या किंवा निर्यातदारास पुरविणाऱ्या कारखान्याकडे आता मालाच्या वजनाबरोबर त्यामागील कार्बनाचा आकडाही मागितला जातो. स्वतंत्र मीटर नसलेल्या, एकाच जोडणीवर तीन कामे चालविणाऱ्या गाळ्यात हा आकडा काढणे हेच आधी अवघड आहे.