संत एलिझाबेथची मुलगी

फ्रँकफर्ट शहर आपल्याला ठाऊक असते. ते ज्या हेसे राज्यात आहे, त्याचा उगम मात्र तेराव्या शतकातल्या एका विधवेच्या जिद्दीपर्यंत जाऊन पोहोचतो. तिचे नाव सोफी.

सोफीचा जन्म १२२४ चा. वडील लुडविग हे थुरिंगियाचे अधिपती. हेसेही त्यांच्याच ताब्यात होते. १२२७ मध्ये धर्मयुद्धाच्या वाटेवर ते वारले. आई एलिझाबेथ ही हंगेरीची राजकन्या. विसाव्या वर्षी वैधव्य आल्यावर तिने मुलांचा सहवासही सोडला आणि मारबुर्गला रुग्णसेवेत स्वतःला झिजवले. १२३१ मध्ये ती गेली, तेव्हा सोफी सात वर्षांची होती. चारच वर्षांनी पोपने एलिझाबेथला संतपद दिले.

पुढे ब्राबांतचा ड्यूक हेन्री याच्याशी सोफीचे लग्न झाले. त्याचे हे दुसरे लग्न. १२४८ मध्ये तो वारला आणि गादी पहिल्या बायकोच्या मुलाकडे गेली. सोफीचा मुलगा हाइनरिश तेव्हा चार वर्षांचाही झाला नव्हता. त्याला ब्राबांतची गादी मिळण्याची आशा नव्हती.

इकडे माहेरी सोफीचा एकुलता भाऊ १२४१ मध्येच वारला होता. १२४७ मध्ये काकाही निपुत्रिक गेले. माईसेनचा अधिपती, म्हणजे सोफीचा आतेभाऊ, वारसा सांगत पुढे आला. सम्राटाने त्याला तसे वचनच दिले होते. माइन्झच्या आर्चबिशपचाही हेसेवर डोळा होता.

सोफीजवळ काय होते? एक लहान मूल आणि आईचे नाव. आपल्या दस्तऐवजांत ती स्वतःला ‘संत एलिझाबेथची मुलगी’ म्हणवून घेई. ज्या मारबुर्गमध्ये आईची समाधी होती, तिथल्या लोकांनी आणि हेसेच्या सरदारांनी तिच्या मुलाची बाजू घेतली. १२५४ मध्ये तिची मुलगी ब्राउनश्वाइगच्या ड्यूकची पत्नी झाली, आणि हा जावई सासूसाठी रणांगणात उतरला. पण १२६३ मध्ये तोच शत्रूच्या हाती सापडला. अखेर १२६४ मध्ये तडजोड झाली. थुरिंगिया आतेभावाला गेला, हेसे हाइनरिशला मिळाले.

सोफी १२७५ मध्ये वारली. १२९२ मध्ये हाइनरिशला साम्राज्याचा राजपुत्र म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच्या वंशजांनी १९१८ पर्यंत तिथे राज्य केले. ज्या आईने देवासाठी लेकरांना दूर केले, तिच्याच नावावर लेकीने आपल्या लेकराला राज्य मिळवून दिले. एलिझाबेथची आठवण चर्चने जपली. सोफीची आठवण हेसेच्या नकाशात राहिली.