करजिक गावाचे दोन दानलेख : पर्याप्त पुराव्याचा विचार

लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृहात कोरलेल्या लेखांपैकी दोन लेख एकाच गावाच्या दानासंबंधी आहेत. पहिला लेख क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा होय. वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहार्थ करजिक गाव दिल्याचे त्यात नमूद असून वर्षाचा उल्लेख नाही. दुसरा लेख म्हणजे मावळच्या अमात्यास केलेली राजाज्ञा. ‘ममालाहारा’तील, म्हणजे मावळ प्रांतातील, करजक गाव त्याच लेण्यांतील महासांघिक भिक्षूंस द्यावे, असे तीत म्हटले आहे. वर्ष 18 दिलेले आहे. परंतु आरंभीचा भाग खराब झाल्याने राजाचे नाव उरलेले नाही.

यांपैकी आधीचे दान कोणते?

व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षांतील गणितात असाच एक प्रश्नप्रकार आढळतो. तेथे दोन विधाने देतात, पण उत्तर विचारीत नाहीत. उत्तरास एकेक विधान पर्याप्त आहे, दोन्ही मिळून पर्याप्त आहेत, की दोन्ही मिळूनही अपुरी आहेत, एवढेच ठरवावयाचे असते. विद्यार्थी तेथे चुकतो तो बहुधा आकडेमोडीत नव्हे. न दिलेली एखादी गोष्ट तो नकळत गृहीत धरतो.

कार्ल्याच्या लेखांस हीच कसोटी लावून पाहावी. पहिल्या लेखात काळ नाही, दुसऱ्यात राजा नाही. दोन्ही एकत्र घेतल्यास गाव एकच असल्याचे कळते. क्रम कळत नाही. उषवदाताचे दान आधीचे मानले तरी, नंतरचे मानले तरी, दोन्ही लेखांतील प्रत्येक शब्द खराच राहतो. एकाच पुराव्याशी दोन परस्परविरुद्ध उत्तरे जुळत असतील, तर तो पुरावा अपुरा समजावा.

तिसरे साधन नाशिकचे आहे. तेथील तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीच्या 18 व्या वर्षाच्या लेखात उषवदाताकडे असलेले 200 निवर्तने शेत भिक्षूंस दिल्याचा उल्लेख आहे. वर्ष तेच, आज्ञेची धाटणीही तशीच. म्हणून कार्ल्याचा अनामिक राजा गौतमीपुत्रच असावा, असे अभ्यासक मानतात. शिवाय 1906 मध्ये जोगळटेंभी येथे नहपानाच्या सुमारे 13,000 नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. छापावर मारलेला छाप नंतरचाच असणार. सत्तांचा क्रम ठरविण्यास एवढी एकच गोष्ट पर्याप्त आहे. राजाची ओळख मान्य केली की दानांचा क्रमही त्याबरोबर ठरतो.

मात्र हाच पुरावा इसवी सनाचे वर्ष ठरविण्यास अपुरा पडतो. नहपानकालीन लेखांतील 41 ते 46 ही वर्षे शककालाची की त्याच्या राज्यारोहणापासूनची, हे नाणी सांगत नाहीत. पर्याप्तता हा पुराव्याचा अंगभूत गुण नव्हे. ती विचारलेल्या प्रश्नाच्या संदर्भातच ठरते. म्हणून कार्ल्याचा लेख वाचण्यापूर्वी त्याला कोणता प्रश्न विचारावयाचा आहे, हे निश्चित करणे अगत्याचे आहे.