काम संपताच विरघळणारे पहारेकरी

शरीरात परकी वस्तू ठेवावी लागणे, हा वैद्यकाचा जुना पेच आहे. ती आत राहिली तर जंतुसंसर्गाचे भय. काढावी तर पुन्हा शस्त्र चालवणे आले. यातून वाट काढण्याचा माणसाचा प्रयत्न आजचा नाही, हे वाचकांनी प्रथम ध्यानी घ्यावे, असे आम्हांस वाटते.

सुश्रुतसंहितेत फाटलेले आतडे सांधण्यासाठी काळ्या मुंगळ्यांचा उपाय सांगितला आहे. मुंगळ्यांनी जखमेच्या कडा चावून धरल्या की त्यांची धडे तोडावीत आणि डोक्यांसह आतडे पोटात परत घालावे. टाका काढण्याचा प्रश्नच उरत नसे. पुढे १८६८ च्या अखेरीस जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने निर्जंतुक केलेल्या, आतड्याच्या तंतूंच्या दोऱ्याने एका वासराची मानेतील रोहिणी बांधली. महिन्याभराने पाहतात तो दोऱ्याच्या जागी जिवंत ऊतक तयार झालेले! विसाव्या शतकात अशा टाक्यांसाठी लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांपासून बनवलेले कृत्रिम धागे आले. शरीरातील पाण्याने त्यांचे हळूहळू विघटन होते.

याच जातीचा पदार्थ आणि सिलिकॉनचे अतिशय पातळ पापुद्रे वापरून जॉन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील दाब व तापमान मोजणारे संवेदक घडवले आणि उंदरांवर त्यांची परीक्षा घेतली. हे संशोधन २०१६ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. डोक्याला जबर मार लागला की कवटीच्या आत दाब वाढतो आणि त्यावर अहोरात्र नजर ठेवावी लागते. प्रचलित संवेदक कवटीतून आत घालावा लागतो व नंतर काढावा लागतो. नवा संवेदक काही काळ काम करून विरघळतो. त्यातील सिलिकॉनचे पाण्याशी संयोग होऊन सिलिसिक आम्ल बनते. असे आम्ल आपल्या शरीरात अल्प प्रमाणात असतेच.

परंतु विरघळणारे ते सारे निर्धोक, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. हृदयाच्या रोहिणीत बसवण्याच्या एका विरघळणाऱ्या नळीला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली आणि २०१७ सालीच तिची विक्री थांबली. धातूच्या नळीपेक्षा तिच्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण अधिक आढळले होते. साधन विरघळते की नाही, एवढेच पाहून भागत नाही. ते केव्हा विरघळते आणि विरघळताना काय मागे ठेवते, यावर रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. लवकर विरघळले तर पहारा अर्धवट राहतो. रेंगाळले तर तेच ओझे होते.

ज्या घरी दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे दुसरे कर्ज, त्या घरासाठी हे संशोधन मोलाचे ठरू शकेल. मात्र त्याच घरातील रुग्णाला आपल्या शरीरात काय घातले जात आहे आणि ते किती दिवसांनी नाहीसे होणार, हे त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. लिस्टर यांनीही तो दोरा आधी वासरावर पारखला आणि महिनाभर वाट पाहिली. ती सबुरी आजच्या संशोधकांनी सोडू नये, एवढेच आमचे मागणे आहे.