छापील पानापर्यंतची वाट : हदगावकडून पाहिलेला लेखकप्रवेशाचा इतिहास

मराठी वाङ्मयेतिहासात लेखकाच्या दोन जन्मतारखा असतात. पहिली चरित्रनोंदीत येते. दुसरी म्हणजे त्याच्या पहिल्या पुस्तकाचे प्रकाशनवर्ष, आणि इतिहासकार खरी मानतो ती हीच. या दुसऱ्या तारखेशेजारी प्रकाशनस्थळ म्हणून बहुधा पुणे किंवा मुंबई असते. हस्तलिखित तयार होणे आणि ती तारीख उजाडणे यांच्यामध्ये गेलेली पाच, दहा किंवा वीस वर्षे मात्र आठवणींच्या पुस्तकांकडे, गौरवग्रंथांकडे आणि सत्कारसमारंभातील भाषणांकडे सोपवली जातात. त्या वर्षांत काय घडले, हस्तलिखित कोणाकोणाच्या हातांतून गेले, कोणी ते वाचले आणि वाचून काय बदलायला लावले, हे प्रश्न वाङ्मयबाह्य समजले जातात. प्रस्तुत लेखकाला हे मान्य नाही. प्रकाशनव्यवसायाची रचना बदलते तेव्हा लेखक आणि छापील पान यांच्यामध्ये उभा असलेला माणूस बदलतो. आणि तो बदलला की लिहिले जाणारे वाङ्मयही बदलते. मराठवाड्यापुरता हा इतिहास तपासून पाहण्याजोगा आहे.

त्यासाठी हदगाव हे तालुक्याचे गाव उभे राहण्यास सोयीचे ठिकाण आहे. नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पुढे पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे यवतमाळ जिल्हा, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड नावाला निजामाचा असला तरी १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. हदगाव १९४८ पर्यंत निजामाच्याच अंमलाखाली राहिले. बोली, सोयरीक, बाजार आणि वारी यांना नदीने कधी अडवले नाही. मात्र पलीकडच्या मुलाला मराठीतून शिकता येत होते आणि अलीकडच्या मुलाला वरच्या इयत्तांत उर्दू माध्यम स्वीकारावे लागत होते. एकाच बोलीच्या दोन काठांवरून छापील मराठीपर्यंतचे अंतर असे वेगवेगळे होते. पुण्याहून मोजले तर ते अंतर भूगोलाचे वाटते. पैनगंगेच्या काठावरून मोजले की ते राज्यव्यवहाराचे होते हे दिसते.

हैदराबाद संस्थानात मराठी लेखकापुढची पहिली अडचण प्रकाशकाची नव्हतीच. ती परवानगीची होती. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने जाहीर सभांवर निर्बंध आले. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली आणि ते वेगवेगळी नावे धारण करून निघत राहिले, हे सर्वश्रुत आहे. अशा स्थितीत ग्रंथालय, वाचनालय आणि साहित्य परिषद यांना जे महत्त्व आले ते पुण्यामुंबईतल्या तशाच संस्थांना कधी येण्याचे कारण नव्हते. ज्या प्रदेशात मासिक काढणे हीच राजकीय कृती ठरते, तेथे लेखकाचा प्रवेश बाजारपेठेच्या दारातून होत नाही. तो चळवळीच्या किंवा नोकरीच्या दारातून होतो.

नोकरीचे दार बी. रघुनाथांना लाभले, असे म्हणावे की त्या दारातच ते अडकले असे म्हणावे, हे ठरवणे कठीण आहे. जन्म १९१३, परभणीला सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनी, आणि त्या कारकुनीच्या फटींतून कविता, कथा व कादंबऱ्या. ‘आलाप आणि विलाप’ हा संग्रह १९४१ चा. १९५३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते गेले, आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ १९५५ मध्ये आला. ‘आडगावचे चौधरी’ लिहिणाऱ्या या लेखकाची मराठी कादंबरीच्या इतिहासात जी बाजूला पडलेली जागा आहे, तिचे स्पष्टीकरण आपण बराच काळ त्याच्या शैलीत शोधले. हयातीत त्याच्या लेखनाभोवती संपादक, समीक्षक आणि वाचक यांचे वर्तुळ जमले नाही, हे कारण अधिक साधे आहे. साधे असल्यामुळेच ते नजरेआड झाले असावे.

वा. रा. कांत यांचे उदाहरण याला समांतर आणि तरीही वेगळे आहे. तेही १९१३ चेच, जन्माने नांदेडचे. आरंभी निजामाच्या शेतकी खात्यात, मग रेडिओत आणि पुढे आकाशवाणीत त्यांनी नोकरी केली. १९७० साली ते निवृत्त झाले. ‘रुद्रवीणा’ (१९४७), ‘शततारका’ (१९५०), ‘वेलांटी’ (१९६२) हे संग्रह अभ्यासकांना ठाऊक असतात, पण कांत महाराष्ट्राला माहीत झाले ते ‘बगळ्यांची माळ’मुळे : संगीत श्रीनिवास खळे, गायक वसंतराव देशपांडे. आज ज्याला मनोरंजनउद्योग म्हणतात त्यात मराठवाड्यातील कवीचा झालेला हा आरंभीचा आणि टिकाऊ प्रवेश होय. रेडिओला शब्द हवे होते, आणि नुसते हवे नव्हते, रोज हवे होते. पुस्तकाचा प्रकाशक वर्षाला चार कवितासंग्रह काढील. आकाशवाणीला आठवड्याला भावगीते, संगीतिका, श्रुतिका लागत. या मागणीने कांतांच्या कवितेची लय किती घडवली आणि किती मोडली, याचा अभ्यास व्हावयास हवा. ‘मरणगंध’सारखे दीर्घकाव्य लिहिणारा कवी एका गीतापुरता उरतो, ही माध्यमाने घेतलेली किंमत आहे. ती बी. रघुनाथांनी मोजलेल्या किंमतीपेक्षा मोठी की लहान, याचे उत्तर मला देता येत नाही.

संस्थान गेले, १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. येथून पुढे लेखक आणि छापील पान यांच्यामध्ये महाविद्यालयीन प्राध्यापक येऊन उभा राहतो. या नव्या मध्यस्थाचे सर्वांत मोठे रूप म्हणजे नरहर कुरुंदकर. प्रतिभा निकेतन शाळेतील शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य. ते नांदेडला राहिले आणि त्यांची महत्त्वाची पुस्तके पुण्याच्या देशमुख आणि कंपनीसारख्या संस्थांकडून आली. येथवर नेहमीचीच दिशा. परंतु रणजित देसाई यांना त्यांनी लिहिलेले दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडले गेले, तेव्हा दिशा उलटली : पश्चिम महाराष्ट्रातील लोकप्रिय कादंबरीकाराच्या ग्रंथात वाचक शिरतो तो नांदेडच्या शिक्षकाच्या दारातून. कुरुंदकरांनी पुढे अनेकांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्या. प्रस्तावना हा वाङ्मयप्रकार आपण औपचारिक समजतो. मराठवाड्यात ती काही काळ परवाना होती. परवाना देणारा उदार आणि चिकित्सक असला म्हणजे व्यवस्था चांगली ठरत नाही, ही गोष्ट १९८२ साली कुरुंदकर गेल्यावर लक्षात आली. त्यांच्या जागी बसणारे पुष्कळ निघाले, त्यांच्याइतके वाचणारे फार थोडे.

याच काळात औरंगाबादेत दोन वेगळ्या वाटा फुटल्या. चंद्रकांत पाटील आणि भालचंद्र नेमाडे ज्या अनियतकालिकांच्या चळवळीत होते तिची एक वाट. तिने रूढ प्रकाशनव्यवहारच नाकारला. दुसरी गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ची. अनंत भालेराव संपादक असलेल्या ‘मराठवाडा’ने १९६९ च्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा घडवली, तीही याच वातावरणात. पहिल्या वाटेवर बंडाचा उच्चार मोठा होता. प्रवेशाच्या इतिहासात दुसरी अधिक दूरगामी ठरली, कारण ज्यांना नाकारण्यासाठीसुद्धा कोणी दारात उभे केले नव्हते त्यांच्यासाठी ती होती.

उदगीर परिसरातून आलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली औरंगाबादच्याच चेतना प्रकाशनाने काढले. त्याआधी त्यातील आठवणी सुट्या स्वरूपात नियतकालिकांत येत होत्या. पुस्तकाची घडण पाहिली तर हा पूर्वेतिहास दिसतो. ते सलग आत्मचरित्र नाही. एकेक प्रसंग येतो, थांबतो, पुन्हा उडतो. हे तंत्र म्हणून वाखाणले गेले. मला ते नियतकालिकाच्या पानाचे माप वाटते, आणि असे म्हटल्याने त्याचे मोल उणे होत नाही. शेजारीच लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ठेवावे. लातूरजवळच्या धनेगावचा, लातूरच्या गिरणीत काम केलेला, चळवळीतला हा लेखक. पुस्तक १९८७ मध्ये पुण्याच्या श्रीविद्या प्रकाशनाकडून आले, आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मधल्या आठ वर्षांत काय बदलले होते? १९७८ साली ग्रंथालीने ‘बलुतं’ काढले होते, १९८० साली ‘उपरा’. आत्मकथनाला वाचक आहे, विकत घेणारा वाचक आहे, हे पुण्यामुंबईला कळले होते. सोनकांबळ्यांना वाट पाडावी लागली. गायकवाडांसमोर वाट होती, पण ती एका विशिष्ट आकाराची होती. जातीच्या व्यवसायाचे नाव हेच शीर्षक, वाचकाला अपरिचित असे जग, आणि त्या जगाचा माहीतगार निवेदक. प्रकाशनव्यवसाय दार उघडतो तेव्हा चौकटही तोच बसवतो. गायकवाडांचे सामर्थ्य असे की चौकटीत बसूनही त्यांचे निवेदन तिला हिसके देत राहते. त्यांच्यामागून आलेल्या कित्येकांना ते साधले नाही, आणि आपण समीक्षकांनी त्यांच्या अपयशाचे खापर ‘अनुभव संपला’ या एका वाक्यावर फोडले.

रा. रं. बोराडे यांची वाट या दोन्हींहून निराळी. लातूर तालुक्यातील काटगावचे बोराडे ‘पेरणी’ (१९६२) या कथासंग्रहानंतर ‘पाचोळा’पर्यंत (१९७१) आले. ग्रामीण कथेला मासिकांत मागणी असण्याचा तो काळ. पुढे ते महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अध्यक्ष झाले, हे येथे नोंदवण्याचे कारण वेगळे आहे. या मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून लेखकांची पहिली पुस्तके निघत आली आहेत. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी कवीचा पहिला संग्रह उघडावा आणि आतल्या पानावर मंडळाच्या अनुदानाची ओळ सापडावी, हा अनुभव अपवादाचा नाही. योजनेत हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासले जाते, म्हणजे मध्यस्थ आहे. पण तो निनावी आहे, आणि लेखकाशी त्याचा संवाद होत नाही.

नाटकाविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे स्थलांतर जवळजवळ अटळ होते. औरंगाबादची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था, चंद्रकांत कुलकर्णी व प्रशांत दळवी यांच्यासह, मुंबईला गेली आणि १९९१ च्या ‘चारचौघी’ने व्यावसायिक रंगभूमीवर आपले स्थान केले. नांदेडचे दत्ता भगत नांदेडलाच राहिले. त्यांचे ‘वाटा-पळवाटा’ माया पंडित यांच्या अनुवादातून इंग्रजीत गेले आणि विद्यापीठांत वाचले गेले. गेला तो रंगमंचावर, राहिला तो अभ्यासक्रमात, असे सूत्र मांडण्याचा मोह होतो. इतक्या थोड्या उदाहरणांवर तो आवरलेला बरा.

नव्वदीच्या दशकात संगणकीय अक्षरजुळणी आली आणि खिळे जुळवणारा कारागीर गेला. त्याबरोबर पुस्तक काढण्याचा किमान खर्च इतका उतरला की नांदेडसारख्या शहरात प्रकाशनसंस्था उभ्या राहू शकल्या : संगत, निर्मल, अभंग, इसाप. हदगावच्या शिक्षकाला पुण्याला हस्तलिखित पाठवून वर्षभर पोस्टमनची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. स्थानिक पुस्तक अभ्यासक्रमात लागण्याची शक्यता निर्माण झाली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानित झालेली वाचनालये ठरावीक प्रती घेत होतीच. हे सर्व स्वागतार्ह होते आणि आहे. पण २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी पुस्तकांना गुण दिले, आणि आयएसबीएन क्रमांक हा वाङ्मयीन गुणवत्तेचा पर्याय होऊन बसला. पूर्वी प्रकाशक लेखकाकडून खर्च घेत असे तेव्हा दोघांनाही थोडा संकोच असे. या नव्या व्यवहारात संकोचाला जागा नाही : लेखकाला क्रमांक हवा, प्रकाशकाला रक्कम हवी, आणि वाचक कोणालाच नको. ज्या नियतकालिकांच्या पानांवर आपण हे लिहितो-वाचतो, तीही या व्यवहारापासून अलिप्त राहिलेली नाहीत.

आता हदगावच्या मुलीच्या हातातल्या फोनवर ‘प्रतिलिपी’ आहे. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या या व्यासपीठावर कथा चढवायला परवानगी, प्रस्तावना, अनुदान यांपैकी काही लागत नाही. वाचक दुसऱ्या दिवशी अभिप्राय देतो. २०१७ मध्ये भारतात आलेल्या ‘स्टोरीटेल’ने मराठी लेखकांकडून खास ऐकण्यासाठी मालिका लिहवून घेतल्या. कांतांना रेडिओने जे दार दाखवले त्याचेच हे विस्तारित रूप आहे. फरक इतकाच की आकाशवाणीत निवड करणारा माणूस होता, त्याला आवडनिवड होती, पूर्वग्रह होते आणि पुष्कळदा तो स्वतः कवी होता. आता कोणती कथा वर दिसावी हे गणनयंत्र ठरवते. त्याला पत्र लिहिता येत नाही आणि त्याच्याशी भांडताही येत नाही. कथा मधोमध उत्कंठेवर तोडायची, भाग लहान ठेवायचा, संवाद वाढवायचे, हे संपादकीय संस्कार मात्र ते न बोलता करते. सोनकांबळ्यांच्या गद्यावर नियतकालिकाच्या पानाचे माप दिसते असे वर म्हटले. या मुलीच्या गद्यावर फोनच्या पडद्याचे माप दिसेल, आणि ते ओळखण्यासाठी तिची कथा कोणीतरी आधी वाचलेली असावी लागेल. आपल्या विद्यापीठांतील प्रबंधविषयांच्या याद्यांत बी. रघुनाथ आहेत, ‘उचल्या’ आहे, ‘पाचोळा’ तर आहेच. तिच्यासाठी त्या यादीत अद्याप रकानाच नाही, कारण तिच्या लेखनाला प्रकाशनस्थळ नाही.

आकाशवाणीवर गीत लागण्यापूर्वी निवेदक तीन नावे सांगत असे, आणि त्यांत कवीचे नाव असे. ‘बगळ्यांची माळ’ आज फोनवर लावले तर पडद्यावर वसंतराव देशपांडे यांचे नाव हमखास येते. वा. रा. कांत हे नाव मात्र बहुधा शोधावे लागते.