'सी लायन' समुद्रात बुडाले असते तर? नाशिक रोडवरून एक विचारप्रयोग 🧵

१/ जून १९४०. फ्रान्स पडला, पुढची पाळी ब्रिटनची, असे जगाने गृहीत धरले. हिंदुस्थानात लोक चांदीचे रुपये घरात दडवू लागले. अखेर सरकारने एक रुपयाची कागदी नोट पुन्हा चलनात आणली.

२/ 'सी लायन' ही जर्मन स्वारी निघालीच नाही. हिटलरने १७ सप्टेंबर १९४० रोजी ती बेमुदत लांबणीवर टाकली. निघाली असती तर? १९७४ साली सँडहर्स्टला खेळल्या गेलेल्या युद्धखेळात जर्मन फौज किनाऱ्यावर उतरली; पण ब्रिटिश आरमाराने रसद तोडली आणि मोहीम फसली.

३/ समजा, तसेच घडले आणि दुबळी झालेली जर्मनी लवकर हरली. मग आपले काय?

४/ उत्तर नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये आहे. ब्रिटन युद्धासाठी इथला माल उचले, मोबदला लंडनमध्ये पौंडांत जमा होई आणि त्याच्या तारणावर इथे नोटा छापल्या जात. युद्धाअखेर चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या. महागाई भडकली, १९४३च्या बंगालच्या दुष्काळात तिने गरिबाच्या तोंडचा घास हिरावला.

५/ युद्ध आखूड झाले असते, तर कदाचित ते जीव वाचले असते. परंतु ब्रिटन आपला सव्वाशे कोटी पौंडांहून अधिक रकमेचा ऋणकोही झाला नसता. विजयी, सधन ब्रिटनने १९४७ साली हा देश सोडला असता का?

६/ जर्मनीचा पराभव म्हणजे आपली सुटका, हे समीकरण इतके सरळ नाही. तुमचे मत जरूर मांडा.