पनागरचा रस्ता

जबलपूरहून मिर्झापूरकडे जाणारा जुना मार्ग पनागरवरून जात असे. ठगांच्या काळी तेथे वाटसरूला भय होते ते रुमालाच्या फासाचे. आज आहे ते वेगाचे.

वाहन डाव्या बाजूने हाकावे, हा दंडक ब्रिटनमध्ये 1835 साली कायद्यात आला. आपणही तोच पाळतो. 1934 साली तेथे अपघातांत 7,343 माणसे दगावली. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा केला आणि 1935 पासून वस्तीत ताशी 30 मैलांची मर्यादा व नव्या चालकास परीक्षा सक्तीची झाली. आपला 1939 चा मोटार कायदाही परवान्यापूर्वी परीक्षा मागत होता.

नियम असे सख्ख्या भावांसारखे. फळे मात्र निराळी. 2022 साली ब्रिटनमध्ये 1,711 जीव गेले, भारतात 1,68,491. लोकसंख्या सुमारे एकवीसपट, मृत्यू मात्र जवळजवळ शंभरपट! तिकडे निम्म्याहून अधिक उमेदवार चालकाच्या परीक्षेत नापास होतात, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे.

ठगीविरुद्ध कायदा 1836 साली झाला. परंतु ठगी मोडली ती जबलपूरच्या स्लीमनने वर्षानुवर्षे चिकाटीने चालविलेल्या तपासामुळे. पनागरच्या रस्त्याला आज तशाच चिकाटीची गरज आहे.